खाली पाठवलं, पण पगाराचं काय? बेसबॉलमधल्या करारांची शेजारी-शेजारी तुलना

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या बातम्यांत जवळजवळ रोज एक ओळ असते: अमक्या खेळाडूला ट्रिपल-ए संघात पाठवलं. ट्रिपल-ए म्हणजे मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी, मेजर लीगच्या लगेच खालची. वाचणाऱ्याला वाटतं, खाली गेला म्हणजे पगारही खाली गेला. प्रत्यक्षात एकाच दिवशी, एकाच ड्रेसिंग रूममध्ये पोचलेल्या तीन खेळाडूंपैकी एकाचा पगार एका डॉलरनेही कमी झालेला नसतो, दुसऱ्याचा जवळजवळ सहाव्या हिश्शावर आलेला असतो आणि तिसऱ्याला वरचा पगार कधी लागूच झालेला नसतो.

हा फरक खेळावरून पडत नाही. नाव कोणत्या यादीत आहे, करारात मायनर लीगसाठी वेगळा आकडा लिहिला आहे का आणि मेजर लीगमधल्या नोकरीचे किती दिवस भरले आहेत, या तीन गोष्टींवरून पडतो. हा आढावा दोन कागद समोर ठेवून 'यातला कोणता सही करू' असं विचारणाऱ्या खेळाडूच्या बाजूने लिहिला आहे. क्लबची बाजू सांभाळायला क्लबकडे वकील आहेत.

आधी शब्द नीट समजून घ्या

'खाली पाठवलं' या दोन शब्दांमागे तीन वेगळे व्यवहार असतात.

पहिला ऑप्शन. प्रत्येक क्लबची ४० खेळाडूंची एक यादी असते आणि तिच्यातले २६ जण प्रत्यक्ष मेजर लीग संघात असतात. या ४० मध्ये नाव कायम ठेवून खेळाडूला मायनरमध्ये पाठवलं, तर तो ऑप्शन.

दुसरा आउटराइट. यात खेळाडूचं नाव ४० च्या यादीतूनच काढतात आणि करार मायनर संघाकडे सोपवतात. त्याआधी त्याला वेव्हरवर ठेवावं लागतं. म्हणजे बाकीच्या क्लबना विचारायचं, 'हा कुणाला हवा आहे का?' ज्याला हवा असेल तो ५०,००० डॉलर मोजतो आणि खेळाडूला त्याच्या करारासकट उचलतो. कुणीच उचललं नाही तर आउटराइट पक्कं.

तिसरा रिअसाइनमेंट. मार्चमधल्या सराव शिबिरात ४० च्या यादीबाहेरचे बरेच खेळाडू पाहुणे म्हणून बोलावलेले असतात. त्यांना 'मायनरच्या शिबिरात जा' असं सांगितलं, की ती रिअसाइनमेंट. त्यांचा करार मुळात मायनरचाच असतो, त्यामुळे पगारात काहीच बदलत नाही. नवखे वाचक सगळ्यात जास्त इथेच फसतात. बातमीतला शब्द 'रिअसाइन' असेल तर कुणाचाही पगार कापला गेलेला नाही असं खुशाल समजा.

शेजारी-शेजारी ठेवलं तर चित्र असं दिसतं:

| | हमीचा मेजर करार | ४० च्या यादीतला स्प्लिट करार | मायनर करार, शिबिराच्या आमंत्रणासह |
|---|---|---|---|
| ट्रिपल-ए मध्ये असताना पगार | ठरलेला पूर्ण | करारातला मायनरचा आकडा | मायनरचा ठरलेला पगार |
| मेजरमध्ये असताना पगार | तोच | मेजरचा आकडा, दिवसांच्या हिशेबाने | ४० मध्ये घेतलं तरच, आधी ठरलेल्या दराने |
| खाली पाठवायचा मार्ग | ऑप्शन किंवा आउटराइट | ऑप्शन, ते संपले की वेव्हर | गरजच नाही |
| स्वतःहून बाहेर पडता येतं का | येतं, पण बहुधा पैसे सोडून | ऑप्शनवर असताना नाही | तारखा लिहून घेतल्या असतील तर येतं |
| कुणाला मिळतो | नाव झालेल्यांना, क्वचित पदार्पणाआधीच | तरुणांना आणि काठावरच्यांना | अनुभवी, पण जागा न मिळालेल्यांना |

स्प्लिट करार: दोन आकड्यांचा कागद

स्प्लिट म्हणजे एकाच करारात मेजरसाठी एक आणि मायनरसाठी दुसरा असे दोन पगार लिहिलेले. सगळ्यात जास्त खेळाडूंशी संबंध येतो तो याच कराराचा, म्हणून हिशेब सविस्तर करू.

२०२४ च्या हंगामात मेजर लीगचा किमान पगार ७,४०,००० डॉलर होता. (२०२५ मध्ये ७,६०,००० आणि २०२६ साठी ७,८०,००० ठरला आहे.) ४० च्या यादीत असून मायनरमध्ये खेळणाऱ्याचा किमान पगार त्याच वर्षी दोन पातळ्यांवर होता: पहिलाच मेजर करार असेल तर ६०,३०० डॉलर, आणि दुसरा करार असेल किंवा मेजरमध्ये एक दिवस जरी झाला असेल तर १,२०,६०० डॉलर.

पगार महिन्यावर नाही, हंगामाच्या दिवसांवर वाटला जातो. हंगाम १८६ दिवसांचा धरला तर मेजरचा एक दिवस साधारण ३,९७८ डॉलरचा आणि मायनरचा एक दिवस ६४८ डॉलरचा पडतो. एका दिवसाला ३,३३० डॉलरची तफावत.

समजा, एक गोलंदाज वर्षभरात ६० दिवस वर आणि १२६ दिवस खाली राहिला. वरचे २,३८,७०९ आणि खालचे सुमारे ८१,७००, मिळून ३,२०,००० डॉलरच्या थोडं वर. करारावर मोठ्या अक्षरात ७,४०,००० लिहिलं होतं, हातात आले निम्म्याहून कमी. म्हणून या करारात मोठ्या आकड्याकडे बघून खूश होऊ नका. खरी बोलणी मायनरच्या आकड्यावर होतात. काठावरच्या खेळाडूसाठी मेजरच्या आकड्यात १०,००० डॉलर वाढवून मागण्यापेक्षा मायनरच्या आकड्यात ३०,००० मागणं शहाणपणाचं, कारण वर्षाचा मोठा भाग तो तिथेच घालवणार आहे.

पुढच्या वर्षासाठी एक आधार आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. क्लबने नवा स्प्लिट करार देताना मायनरचा आकडा आदल्या वर्षाच्या प्रत्यक्ष एकूण कमाईच्या ६० टक्क्यांखाली नेता येत नाही. वरच्या उदाहरणातल्या गोलंदाजाने ३,२०,००० कमावले, म्हणजे पुढच्या वर्षी तो सगळा हंगाम ट्रिपल-ए मध्ये राहिला तरी साधारण १,९२,००० डॉलर त्याचे. वर काढलेला प्रत्येक दिवस असा दोनदा कामाला येतो. याची उलट बाजूही आहे. असा आकडा चढत गेलेला खेळाडू क्लबला यादीत ठेवायला महाग वाटू लागतो, आणि नोव्हेंबरमध्ये यादी साफ करताना त्याचं नाव आधी डोळ्यांवर येतं.

ऑप्शनचा हिशेब, आणि तो कुठे चुकतो

खेळाडूला सहसा तीन ऑप्शन वर्षं असतात. वर्षं, वेळा नव्हेत. एका वर्षात त्याला चार वेळा खालीवर केलं तरी एकच ऑप्शन खर्ची पडतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये पाच पूर्ण हंगाम झालेले नसतील, तर चौथं वर्षही निघू शकतं.

वर्षभरात खाली घालवलेले दिवस एकूण २० पेक्षा कमी असतील तर ऑप्शन खर्ची पडत नाही आणि ते दिवस मेजरच्या सेवेतच, म्हणजे मेजरमधल्या नोकरीच्या दिवसांतच, मोजले जातात. म्हणून एप्रिलमध्ये १८ दिवसांसाठी खाली गेलेल्याने ऑगस्टमध्ये पुन्हा दोन दिवस खाली जाणं म्हणजे एका झटक्यात सगळेच २० दिवस गमावणं. हा आकडा खेळाडूने आणि एजंटाने स्वतःच्या वहीत ठेवावा. क्लबकडेही तो असतो, पण आठवण करून द्यायची जबाबदारी त्यांची नाही.

खाली गेलं की लगेच परत बोलावता येत नाही. फलंदाज-क्षेत्ररक्षकाला किमान १० दिवस आणि गोलंदाजाला १५ दिवस खाली राहावं लागतं. जखमी खेळाडूची जागा भरायची असेल, तर हा नियम शिथिल होतो. म्हणजे किमान पगारावरच्या गोलंदाजाला एका ऑप्शनचा फटका निदान ५०,००० डॉलरचा. क्लब आणि खेळाडू संघटनेतल्या २०२२ च्या सामूहिक करारनाम्यापासून एका हंगामात पाचच ऑप्शन करता येतात. सहाव्यांदा खाली पाठवायचं तर वेव्हरमधून जावं लागतं. त्याआधी काही क्लब मधल्या फळीतल्या गोलंदाजांना शटलसारखं वापरायचे: आज दोन डाव टाकून घेतले, उद्या हात थकला म्हणून खाली, त्याच्या जागी ताज्या दमाचा दुसरा. पद्धत अजून चालू आहे, तिच्यावर आता आकड्याची मर्यादा आली आहे एवढंच.

ऑप्शनचा आदेश मिळाल्यावर हजर व्हायला ७२ तास मिळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक दुखण्याची. मेजर संघात असताना जखमी असलेल्या खेळाडूला ऑप्शन करता येत नाही. त्याला जखमींच्या यादीत टाकावं लागतं आणि तिथे पगार मेजरचा, सेवेचे दिवसही चालू. तेच दुखणं खाली गेल्यावर दुसऱ्या दिवशी उघड झालं, तर तो मायनरच्या जखमी यादीत जातो आणि दिवसाचे ६४८ डॉलर घेत बसतो. कोपर आठवडाभर ठणकत असताना 'प्रशिक्षकाला वाटेल मी कच्चा आहे' म्हणून गप्प बसणारा तरुण गोलंदाज प्रत्येक हंगामात सापडतो. दुखत असेल तर खाली जायच्या आत डॉक्टरला सांगा आणि नोंद करवून घ्या. वाद संघटनेमार्फत लवादापुढे गेलाच, तर तिथे ती नोंदच चालते.

ऑप्शन संपलेल्या खेळाडूला वेव्हरशिवाय खाली पाठवता येत नाही. यात वरवर संरक्षण दिसतं. खरं तर २६ वी जागा भरताना क्लब असा विचार करतो: दोघं सारखेच, एकाला हवं तेव्हा खालीवर करता येतं, दुसऱ्याला करायला गेलं तर हातचा जाईल. कधी त्यामुळे ऑप्शन संपलेल्याला जागा मिळते, कधी नेमकं त्यामुळेच त्याला घेतलं जात नाही. चांगला खेळणारा पण ऑप्शन शिल्लक असलेला खेळाडू शिबिराच्या शेवटी खाली जातो आणि सुमार खेळलेला राहतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

हमीचा करार: पैसे सुरक्षित, माणूस अडकलेला

करारात मायनरसाठी वेगळा आकडा नसेल आणि रक्कम हमीची असेल, तर खेळाडू कुठेही खेळो, पगार पूर्ण. ऐकायला हा करार सगळ्यात उत्तम. बव्हंशी तो आहेही. पण त्याची एक बाजू रुस्नी कास्तियोच्या उदाहरणात दिसते.

क्युबाचा हा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक. बोस्टन रेड सॉक्सने त्याला २०१४ च्या ऑगस्टमध्ये सात वर्षांसाठी ७ कोटी २५ लाख डॉलरला घेतलं. खेळ अपेक्षेएवढा झाला नाही. २०१६ च्या जूनमध्ये त्याला वेव्हरवर ठेवलं. कुणी उचललं नाही, कारण उचलणाऱ्याला उरलेला सगळा करार घ्यावा लागला असता. आउटराइट होऊन तो पॉटकेटच्या ट्रिपल-ए संघात गेला. २०१७ आणि २०१८ मध्ये त्याने तिथे फलंदाजीची सरासरी .३०० च्या वर, म्हणजे उत्तम, ठेवली, तरी बोलावणं आलं नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे आउटराइट झालेल्या खेळाडूचा पगार क्लबच्या लक्झरी टॅक्सच्या (पगारांची बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर क्लबला लागणाऱ्या कराच्या) हिशेबात धरला जात नव्हता. वर घेतलं असतं तर वर्षाला कोटीभर डॉलरहून जास्त रक्कम त्या हिशेबात आली असती. पुढच्या करारनाम्यात ही पळवाट बुजवली, पण जे आधीच आउटराइट झाले होते त्यांना जुनाच नियम लागू राहिला. मेजरमध्ये कास्तियोचे एकूण ९९ सामने झाले. पैसे मिळाले, कारकीर्द पॉटकेटमध्ये गेली.

'मग तो सोडून का गेला नाही?' या प्रश्नाचं उत्तर खालच्या भागात आहे. इथे एवढंच लक्षात घ्या की जड करार खेळाडूचं बँकेतलं खातं वाचवतो आणि तोच करार दुसऱ्या क्लबला त्याला उचलण्यापासून रोखतो.

पदार्पणाआधीच मोठा हमीचा करार घेणाऱ्यांत स्कॉट किंगरीचं नाव घेतलं जातं. फिलाडेल्फिया फिलीजने त्याला २०१८ च्या मार्चमध्ये, मेजरमध्ये एकही सामना खेळलेला नसताना, सहा वर्षांसाठी २ कोटी ४० लाख डॉलर दिले. २०२१ मध्ये तो आउटराइट झाला. किमान पगाराच्या स्प्लिटवर असता, तर त्या दिवसापासून त्याचा दर मायनरचा झाला असता. त्याला मात्र ठरलेली रक्कम मिळत राहिली. तेव्हा पुष्कळांनी 'स्वस्तात विकला गेला' म्हणून नाक मुरडलं होतं. माझ्या मते पदार्पणाआधी असा कागद समोर आला तर बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने त्याच्यावर सही करावी. कोपराची एक शस्त्रक्रिया पुढच्या तीन वर्षांचा हिशेब उलटा करू शकते.

आउटराइट झाल्यावर: तीन वर्षं आणि पाच वर्षं

निर्णय घ्यायची खरी वेळ इथे येते, आणि हातात वेळ थोडा असतो. क्लब आधी खेळाडूला 'डेझिग्नेट फॉर असाइनमेंट' करतो. बोलताना सगळे डीएफए म्हणतात. नाव लगेच ४० मधून निघतं आणि क्लबकडे सात दिवस असतात: त्याची अदलाबदल करा, वेव्हरवर ठेवा किंवा मोकळा करा. वेव्हरमध्ये कुणी उचललं नाही, की आउटराइटचा कागद पुढे येतो. तो नाकारता येतो की नाही, हे सेवेच्या दिवसांवर ठरतं.

मेजरमधली सेवा तीन वर्षांपेक्षा कमी आणि आउटराइटची पहिलीच वेळ असेल, तर नाकारता येत नाही. गप्प ट्रिपल-ए ला जा. २०१६ मध्ये कास्तियोचं हेच झालं. अपवाद आहे तो दोन वर्षांवर पुष्कळ दिवस भरलेल्या, 'सुपर टू' म्हणवल्या जाणाऱ्या थोड्या खेळाडूंचा. त्यांना नकाराचा हक्क असतो.

तीन वर्षं भरलेली असतील किंवा आधी एकदा आउटराइट झालेलं असेल, तर नाकारून मुक्त, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळं, होता येतं. पण सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर उरलेली हमीची रक्कम तिथेच सोडावी लागते. किंगरी इथे अडकला. कोट्यवधी डॉलर टाकून नव्या क्लबकडे किमान पगारावर जायचं, की ट्रिपल-ए मध्ये राहून चेक घ्यायचा? उरलेली रक्कम मोठी असताना कुणी सोडून जात नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पाच वर्षं भरली की पारडं फिरतं. अशा खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय ऑप्शनही करता येत नाही. तो आउटराइट नाकारू शकतो आणि पूर्ण रक्कमही घेऊ शकतो. म्हणून क्लब सहसा वाद न घालता त्याला मोकळा करतो. मग नवा क्लब त्याला मेजरमध्ये घेतो तेव्हा किमान पगारातला त्या दिवसांचा हिस्सा तेवढा देतो, बाकीचं बिल जुन्याच्या नावावर. पाब्लो सँडोव्हलचं असंच झालं. पाच वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलरचा करार अर्ध्यावर असताना रेड सॉक्सने त्याला २०१७ च्या जुलैमध्ये मोकळं केलं. तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे परतला. जायंट्सला तो जवळजवळ फुकटात पडला, बोस्टन पैसे भरत राहिलं.

तीन ते पाच वर्षांमधल्या, स्प्लिट किंवा छोट्या करारावरच्या खेळाडूसाठी हिशेब वेगळा. सोडण्यासारखी रक्कम फार नसेल तर नाकारून बाजारात जाणंच बरं, कारण ज्या क्लबने आताच यादीतून काढलं त्याला वर जागा नाही हे त्याने सांगूनच टाकलं आहे. एकच अडचण ऑगस्टनंतरची. तेव्हा फारशा क्लबकडे जागा नसते. अशा वेळी आउटराइट स्वीकारून पगार चालू ठेवायचा. वर्षअखेरीपर्यंत यादीत परत घेतलं नाही, तर नकाराचा हक्क असलेल्याला तेव्हा मुक्त होता येतंच.

मायनर करार: छोटा पगार, पण दार उघडं

आता वरवर सगळ्यात गरीब दिसणारा कागद.

मायनरमधले खेळाडू २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मेजरच्याच खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्याआधी ट्रिपल-ए ची किमान वर्षाची कमाई १७,५०० डॉलर होती, ती ३५,८०० झाली. डबल-ए ३०,२५०, हाय-ए २७,३००, लो-ए २६,२००, आणि सगळ्यात खालच्या नवोदित पातळीवर ४,८०० वरून १९,८००. राहायची सोय क्लबची. ट्रिपल-ए आणि डबल-ए मध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खोली. आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल, उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघं भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले होते. ते याच जगात, तेव्हाच्या तुटपुंज्या दरांवर खेळले. ४० च्या यादीपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचला नाही.

हे आकडे किमान आहेत. मेजरमध्ये खेळून आलेला तिशीतला खेळाडू मायनर करारातही स्वतःचा मासिक दर ठरवून घेतो, आणि शेजारी दुसरा आकडा असतो: '४० च्या यादीत घेतलंत तर वर्षाला इतके'. पण या कराराची खरी किंमत आकड्यांत नाही, बाहेर पडायच्या तारखांत आहे.

मेजरची सहा किंवा जास्त वर्षं सेवा झालेल्या आणि गेल्या हंगामाअखेर मेजरच्या यादीत असलेल्या मुक्त खेळाडूने वेळेत मायनर करार केला, तर त्याला तीन तारखा आपोआप मिळतात: हंगाम सुरू व्हायच्या पाच दिवस आधी, १ मे आणि १ जून. बाकीच्यांना तारीख मागून, लिहून घ्यावी लागते. मागण्यासारखी आणखी दोन कलमं आहेत. एकात अमुक तारखेला क्लबने बाकीच्या २९ क्लबना विचारायचं असतं. कुणी ४० मध्ये जागा द्यायला तयार झालं, तर एकतर आपल्या यादीत घ्या नाहीतर सोडा. दुसरं आशियाचं कलम: जपान किंवा कोरियातून बोलावणं आलं तर मोकळं करायचं. कोरियाच्या लीगमध्ये नव्या परदेशी खेळाडूवर पहिल्या वर्षी एकूण १० लाख डॉलरपर्यंत खर्च करता येतो. ट्रिपल-ए मध्ये वर्षभर घाम गाळणाऱ्या तिशीतल्या गोलंदाजाला ही रक्कम इथल्या कुठल्याही स्प्लिट करारापेक्षा जास्त खात्रीची आहे. हे कलम मागायला पैसे पडत नाहीत, आणि तरी ते नसलेले करार सही होतात.

तारीख लिहून घेतली पण त्या दिवशी फोन केला नाही, असंही होतं. हक्क आपोआप लागू होत नाही. एजंटाने ठरल्या वेळेत क्लबला कळवायचं असतं, आणि मग क्लब यादीत घेणार की सोडणार हे ठरवतो.

स्प्लिट आणि मायनर हे दोन्ही कागद एकाच खेळाडूपुढे आले तर? ऑप्शन शिल्लक असलेल्या तरुणाने स्प्लिट घ्यावा. दुसऱ्या करारापासून किमान पगार तिप्पट, शिवाय वर जायचं तर यादीत जागा मोकळी करावी लागत नाही, नाव आधीच तिथे असतं. ऑप्शन संपलेल्या अनुभवी खेळाडूने थांबून विचार करावा. स्प्लिटवर सही केली आणि मार्चअखेर डीएफए झाला, तर वेव्हरवर कुठलाही क्लब उचलेल, मग तिथे खेळायला मिळो न मिळो. मायनर करारात तारखा असतील तर क्लब तो स्वतः निवडतो.

हमी वाटते, पण नसते

पगाराच्या लवादासाठी (क्लबशी आकडा जुळला नाही तर तो तिऱ्हाइताने ठरवण्यासाठी) पात्र झालेल्यांचा, म्हणजे साधारण तीन ते सहा वर्षं सेवा असलेल्यांचा एक बारकावा. सुनावणीशिवाय क्लबशी तडजोड केली तर एक वर्षाचा करार आता हमीचा असतो. सुनावणीला गेलात आणि लवादाने रक्कम ठरवली, तर तो करार हमीचा नाही. जे. डी. डेव्हिस २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध लवाद जिंकला, रक्कम ६९ लाख डॉलर. मार्चमध्ये क्लबने त्याला मोकळं केलं आणि ३० दिवसांचा पगार, सुमारे ११ लाख, देऊन हात झटकले. पुढे ओकलंड ॲथलेटिक्सने त्याला २५ लाखांवर घेतलं. सुनावणीत दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ असतील तर तेवढ्या फरकासाठी हमी सोडणं परवडत नाही.

दिवस मोजा

ट्रिपल-ए मधल्या पगाराइतकाच महत्त्वाचा हिशेब सेवेच्या दिवसांचा. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. मेजरमध्ये एक दिवस झाला की संघटनेच्या आरोग्य विम्याचा हक्क, ४३ दिवस झाले की पेन्शनचा. तीन वर्षांवर लवाद, सहावर मुक्त बाजार. ऑप्शनवर गेलेले दिवस यात धरत नाहीत, म्हणून क्लबही दिवस मोजतात.

क्रिस ब्रायंटचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शिकागो कब्जने त्याला २०१५ च्या हंगामाच्या सुरुवातीला खाली ठेवलं आणि १७ एप्रिलला वर बोलावलं. वर्षअखेरीस त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने त्याचा मुक्त बाजार पूर्ण वर्षभर पुढे गेला. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. २०२२ पासून पदार्पणाच्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. पण ही सवलत वर्षाला चौघांना, मेजरमधल्या दोन लीगांपैकी प्रत्येकीत दोघांना. बाकीच्यांसाठी १७१ म्हणजे १७१.

म्हणून हंगामाच्या शेवटच्या महिन्यात ४० दिवसांवर असलेल्या खेळाडूला ट्रिपल-ए मध्ये १० दिवस जास्त राहावं लागणं हे ३३,००० डॉलरचंच नुकसान नसतं. एजंटाला तेव्हा एकच काम असतं: ४३ वा दिवस भरेपर्यंत क्लबचा पिच्छा सोडायचा नाही.

सध्याचा मेजरचा सामूहिक करारनामा १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्यामुळे २०२७ चा आकडा लिहिलेला कोणताही स्प्लिट करार पुढे आला, तर त्यात 'किमान पगार वाढल्यास हा आकडाही त्या प्रमाणात वाढेल' अशी ओळ आहे का, ते सहीआधी बघा.